नऊनंतर दहा मिनिटं

“मोठ्यानं बोला, हात हलवा आणि मागं वळून पाहू नका,” लपणाच्या आतून हे म्हणाले.

“बारा वर्षं तेच करतेय,” मी म्हटलं. “आता झोपेतसुद्धा हात हलवते मी.”

“आणि बिसन, तूही काहीतरी बोलत जा रे. गाणं म्हटलंस तरी चालेल.”

“गाना येत नाही जी मले,” बिसन म्हणाला. “शिव्या येतात. देऊ का?”

आत हे हसले. मग पोत्याचं फडकं ओढून घेतल्याचा आवाज आला आणि लपण गप्प झालं. मी घड्याळ पाहिलं. नऊला दोन मिनिटं कमी होती. एप्रिलचा दुसरा आठवडा, वैनगंगेच्या पात्रातलं उघडंबोडकं रेतीचं बेट आणि चपलेतूनही चटका देऊ लागलेली रेती. पिवळीधमक साडी नेसून, लाल छत्री उघडून मी मोठमोठ्यानं वांग्याच्या भाजीबद्दल बोलत डोंग्याकडे, बिसनच्या होडीकडे, निघाले. मागून बिसन ‘हो बाई, बरोबर आहे बाई’ करत येत होता.

कुणी पाहिलं असतं तर म्हणालं असतं, बाईला ऊन लागलंय. पण हे सगळं एका पक्ष्यासाठी चाललं होतं. पक्ष्याला मोजता येत नाही. लपणाकडे तीन माणसं गेली आणि त्यातली दोन परत फिरलेली दिसली, की त्याला वाटतं, गेली पीडा. मग तो घरट्यावर येऊन बसतो आणि आत राहिलेल्याला फोटो मिळतो. परत फिरणारं माणूस त्याला नीट दिसावं म्हणून भडक साडी आणि वांग्याची भाजी. आत राहायचं ते यांनी. निघून जायचं ते मी. लग्नाला तेहेतीस वर्षं झाली होती आणि त्यातली बारा मी अशी निघून जाण्यात घालवली होती. आमच्या भिंतीवर ज्या पक्ष्यांचे फोटो होते, त्यातला एकही मी जवळून पाहिला नव्हता.

हे भूमी अभिलेख खात्यात मोजणीदार होते. आयुष्यभर लोकांच्या बांधांवर साखळी टाकली, आणि निवृत्त झाल्यावर तीच शिस्त पक्ष्यांना लावली. लपण म्हणजे चार बांबू, त्यावर रेतीच्या रंगाची पोती, आत एक स्टूल. ते पहिल्या दिवशी घरट्यापासून ऐंशी फुटांवर उभं करायचं. रोज चार फूट पुढं सरकवायचं, म्हणजे पक्ष्याला सवय होते. तीस फुटांवर थांबायचं. झाडाची फांदी आड येत असली तरी तोडायची नाही. पक्षी उडावा म्हणून खडा मारणारे महाभाग असतात, त्यांच्याशी बोलायचंसुद्धा नाही. आणि सगळ्यात मोठा नियम वेळेचा. माणूस लपणात बसल्यावर सकाळच्या गारव्यात वीस मिनिटं पक्ष्याची वाट पाहायची. नऊनंतर फक्त दहा. तेवढ्यात पक्षी अंड्यांवर आला नाही तर उठायचं, कारण उघड्या रेतीवरची अंडी उन्हात भाजून निघतात.

उठायचं म्हणजे काय, तर आतल्यानं लपणाच्या मागच्या फटीतून लाल रुमाल बाहेर सोडायचा. मग काठावरच्यानं डोंगा घेऊन जायचं आणि त्याला घेऊन यायचं. त्यानं एकट्यानं बाहेर यायचं नाही. लपणातून माणूस निघालेला पक्ष्यानं एकदा पाहिला की पुन्हा तो त्या लपणावर विश्वास ठेवत नाही. आणि रुमाल दिसो न दिसो, पक्षी बसत नाही हे काठावरच्याला दुर्बिणीतून कळलं, तरीही त्यानं निघायचं. “दोघांपैकी ज्याला आधी कळेल त्यानं,” हे म्हणायचे. बारा वर्षांत हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं होतं, की माझ्या कानांनी ते ऐकणंच सोडून दिलं होतं.

पक्षी होता नदी सुरय. काळी टोपी, पिवळी चोच, लाल पाय, आणि अंगानं असा सडपातळ की उडताना बघत राहावं. तो रेतीत नुसता खळगा करतो आणि त्यात दोन-तीन अंडी घालतो. ऊन चढलं की नर-मादी आळीपाळीनं नदीवर जातात, पोटाची पिसं पाण्यात भिजवतात आणि तशीच निथळत येऊन अंड्यांवर बसतात. यांना तो क्षण हवा होता. ओल्या पोटाचा पक्षी, खाली अंडं, आणि अंड्यावर पडणारा थेंब. पाच उन्हाळे त्यासाठी गेले. एका वर्षी धरणाचं पाणी सुटलं आणि बेटच बुडालं. एका वर्षी कुत्री पोहत आली. एकदा टरबुजाच्या वाड्या अगदी बेटाला भिडल्या. हे दर वर्षी म्हणायचे, “ठीक आहे, पुढच्या वर्षी.” त्यांचं ते ‘पुढच्या वर्षी’ ऐकलं की माझे गुडघे दुखायला लागायचे.

त्या वर्षी मात्र ‘पुढच्या वर्षी’ असं ते एकदाही म्हणाले नव्हते.

मी थकले होते, हे आधीच सांगून टाकते. दूरध्वनी कार्यालयातली नोकरी मी मुदतीआधी सोडली ती जरा बसायला मिळावं म्हणून, आणि बसायला मिळालं ते नदीकाठच्या दगडावर. त्याच आठवड्यात भाचीचं डोहाळजेवण हुकलं होतं. वर यांचा स्वभाव अलीकडे विचित्र झाला होता. रस्त्यानं जाताना तारेवर पक्षी दिसला की विचारायचे, “सांग बरं, कोणता?” मी काय शाळेतली मुलगी? सांगितलं नाही की रागवायचे, सांगितलं की मान हलवायचे, जणू पास केलं. दिवाळीत तर कमालच झाली. दिवाणखान्याच्या दाराची चौकट वाकली म्हणून सुताराला बोलावलं. सुतारानं ओळंबा लावला, फूटपट्टी लावली, आणि म्हणाला, “साहेब, चौकट सरळ आहे.” हे त्याच्यावरच उखडले. चाळीस वर्षं सरळ रेषा मोजलेल्या माणसाला तू सांगणार का, म्हणाले. सुतार माझ्याकडे बघून हसला आणि मीही हसले.

आणि त्या वर्षी लपण तीस फुटांवर थांबलं नाही. मोजून तीस झाल्यावर हे म्हणाले, “अजून दहा.”

“तुम्हीच म्हणता ना, तीसच्या आत गेलं की तो फोटो नाही, दरोडा?”

“लेन्स जुनी झालीय.”

“मग नवी घ्या.”

“कुमुद, मला शिकवू नकोस. पक्षी सवयीचा झालाय. बिसन, बांबू धर.”

आणि त्या दहा फुटांसाठी त्यांनी दोन-तीन दिवस घेतले नाहीत. एकाच दिवशी, एकाच वेळी दहा फूट पुढे. तो हाच दिवस. हाव सुटलीय, मला वाटलं. सगळ्या जगाला नियम सांगायचे, आणि स्वतःची वेळ आली की मोजपट्टी गुंडाळून ठेवायची. डोंग्यात बसताना मी वांग्याची भाजी सोडून मनातल्या मनात हेच बडबडत होते.

काठावर करंजाची सावली होती. बिसननं डोंगा रेतीवर ओढला, जाळं काढलं आणि फाटलेलं विणायला बसला. बिसन नान्हे जातीनं धीवर, मासे धरणारा, माझ्याच वयाचा, या नदीतच जन्म गेलेला. आमच्यासाठी डोंगा वल्हवायला लागून त्याला सात वर्षं झाली होती आणि या काळात तो यांच्याइतकाच पक्ष्यांचा जाणकार झाला होता, फक्त त्यांची नावं त्याला नको असायची. त्याच्या लेखी सगळीच पाखरं.

मी दुर्बीण लावली. बेटावर बाकीच्या सुरयांची आठ-दहा घरटी होती, ती लांबच्या टोकाला, आणि तिथं सगळं शांत होतं. आमचं घरटं एकटं, या टोकाला. पक्षी वर घिरट्या घालत होता. खाली आला, लपणासमोर दोन हातांवर तरंगला, आणि पुन्हा वर गेला.

नऊ वाजून दहा मिनिटं झाली. लाल रुमाल दिसला नाही.

मी उठायला हवं होतं. उठले नाही. त्याचं कारण तीन वर्षांपूर्वीचं होतं. तेव्हा टिटवीचं घरटं होतं, आणि पक्षी येत नाही असं समजून मी वेळेआधी लपणाकडे चालत गेले होते. टिटवी नेमकी बसायला आली होती, माझ्यामुळे उडाली. दोन दिवस हे माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी नागपूरचे पाहुणे जेवायला होते. त्यांच्यापुढं पोळी मोडता मोडता म्हणाले, “हिला सगळं येतं, पण हिला धीर नाही.” पाहुणे हसले. मी वाढत होते. एखादं वाक्य घशात अडकतं ते खाली उतरतच नाही, तसं ते माझं झालं होतं.

“बाई,” बिसन म्हणाला, “पाखरू बसून नाही राह्यलं.”

“दिसतंय मला.”

“काढू का डोंगा?”

“त्यांनी रुमाल सोडलेला नाही.”

तो परत जाळ्याकडे वळला. नऊ वीस. जोडीतला एक पक्षी नदीवर गेला, पाण्याला पोट घासत लांबवर उडाला आणि परत आला. उन्हात त्याच्या पोटाखालून निथळणारं पाणी मला काठावरून दिसलं. तो घरट्यावर आला, पंख फडफडवत एका जागी थांबला. उतरतोय, उतरतोय, असं वाटलं. आणि लपणाकडे बघून ओरडत वर गेला. सगळं पाणी कोरड्या रेतीवर पडलं.

“जवर गेला जी साहेब,” बिसन म्हणाला. “लई जवर गेला आज. त्याले भेव लागून राह्यला.”

“मग त्यांना कळायला नको का?”

“कळलं असन. पण काहून बसले मंग?”

“तेच मला बघायचंय,” मी म्हटलं.

आणि खरंच मला तेच बघायचं होतं. नऊ तीस झाले. हे आत बसले आहेत, पक्षी डोक्यावर आक्रोश करतोय, अंडी उघडी पडलीत, आणि रुमाल नाही. एका फोटोसाठी. मला राग आला होता आणि रागाबरोबर एक गारेगार समाधानही वाटत होतं, हे लिहायला आज हात अडखळतो. बसा, मी मनात म्हटलं. आणखी बसा. मला धीर नाही ना? आज माझा धीर बघा. तुमचे नियम तुम्ही तुमच्या हातानं मोडा. मी फक्त घड्याळ बघणार. यापुढं कधीही, कुणाहीसमोर, तुम्ही मला धीराचा धडा देणार नाही.

नऊ चाळीस. पक्षी दुसऱ्यांदा पोट भिजवून आला आणि दुसऱ्यांदा परत गेला.

“बाई, अंडे भाजतीन.”

“थांब जरा, बिसन.”

“आता कायले थांबाचं?”

मी दुर्बीण खाली केली नाही.

नऊ एक्कावन्नला बिसननं जाळं बाजूला फेकलं, उठला, आणि मला न विचारता डोंगा पाण्यात ढकलला. “चला,” एवढंच म्हणाला. मी जाऊन बसले. पाच मिनिटांच्या त्या वाटेत तो माझ्याकडे पाठ करून बांबूनं डोंगा रेटत राहिला.

बेटावर रेती इतकी तापली होती की मी पळतच लपणापाशी गेले. आता वांग्याची भाजी नाही, हात हलवणं नाही. मागचं फडकं बाजूला केलं. आत हे कॅमेऱ्याला डोळा लावून बसले होते, सदरा पाठीला चिकटलेला, बोट बटणावर.

“शू!” हे मान न वळवता कुजबुजले. “कशाला आलात? बसलीय ती.”

“कोण बसलीय?”

“हळू बोल. पाऊण तास झाला, हललीसुद्धा नाही. थेंब नसेल मिळाला, पण किती निवांत बसलीय बघ. काळी टोपी कशी ठसठशीत दिसतेय.”

मी त्यांच्या खांद्यावरून समोरच्या फटीतून पाहिलं. वीस फुटांवर खळगा होता. खळग्यात तीन अंडी होती, राखाडी, तपकिरी ठिपक्यांची. भर उन्हात. त्यांच्यावर कुणीही नव्हतं. वर, अगदी आमच्या डोक्यावर, दोन्ही पक्षी ओरडत होते.

“तो आवाज?” मी विचारलं.

“ते पलीकडच्या घरट्यांवरचे. आपली बसलीय.”

“अहो,” मी म्हटलं, “तिथं कोणी नाही.”

“काय नाही? ही काय समोर. मधोमध.”

“कुठंय टोपी?”

“अगं, ही...” म्हणत ते कॅमेऱ्यापासून दूर झाले आणि मला दाखवायला माझ्याकडे वळले. वळले आणि तसेच राहिले. माझ्या तोंडाकडे बघत राहिले. मान थोडी डावीकडे केली, थोडी उजवीकडे. मग पुन्हा सरळ.

“कुमुद,” ते म्हणाले, “तुझा चेहरा दिसत नाहीये.”

बाहेर बिसन उभा होता. त्यानं ऐकलं.

“साडी दिसतेय,” ते म्हणाले. “हात दिसतोय. छत्री दिसतेय. मधे... तीच टोपी आहे.”

मी त्यांचा दंड धरला. त्यांनी कॅमेरा बंद केला, लेन्सवर झाकण लावलं. ते हातांच्या सवयीनं झालं, त्याला डोळे लागत नाहीत. नंतर ते उठले आणि आम्ही तिघं डोंग्याकडे गेलो. लपण तसंच सोडलं. मला एकेक गोष्ट आठवत होती. प्रत्येक तारेवरचा पक्षी ओळखायला लावत होते ते मला शिकवायला नव्हे. माझे डोळे उसने घेत होते ते. आणि दहा फूट पुढं जायचं होतं ते हावेपोटी नाही. ते मला सांगितलं का नाही? सांगितलं असतं तर मी कॅमेरा कपाटात ठेवून कुलूप लावलं असतं, म्हणून. एवढं तर तेही मला ओळखून होते.

डोंगा बेटापासून दूर गेला तेव्हा ते म्हणाले, “मागं बघ. काय करतेय?”

मी दुर्बीण लावली. “नदीवर गेली. पोट भिजवतेय.”

“मग?”

“येतेय. घरट्यावर आली. बसली.”

“थेंब पडला?”

“पडला,” मी म्हटलं. खरं तर हलत्या डोंग्यातून मला थेंब दिसला नव्हता.

ते हुश्श करून बसले. मग त्यांनी तो प्रश्न विचारला. त्यात रागाचं नावही नव्हतं. मोजणीची तारीख विचारावी तसं त्यांनी विचारलं.

“काठावरून तुला दिसलं नव्हतं का गं, ती बसत नाही ते?”

बिसनचा बांबू पाण्यात होता. तो तिथंच थांबला.

“दिसलं ना,” मी म्हटलं. “दहाव्या मिनिटाला निघालो होतो आम्ही. डोंगा रेतीत रुतला. निघता निघेना.”

क्षणभर डोंगा नुसता वाहत राहिला. मी बिसनकडे पाहिलं नाही. नदीकडे बघत होते.

“हो जी,” बिसन म्हणाला. “फसला होता. माईच चूक, साहेब. लई वर वढून ठेवला होता.”

“तुझी कसली चूक रे?” हे म्हणाले. “रुमाल मी सोडायचा होता.”

नागपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं, डावा डोळा वर्षभरापूर्वीच गेलाय, उजवाही आता मधोमध गेला. कडेचं दिसत राहील, ज्याच्याकडे बघाल ते दिसणार नाही. ‘इतके दिवस घरात कुणाच्या लक्षात आलं नाही?’ असं त्यांनी मला विचारलं. मी सुताराची गोष्ट सांगितली. ते हसले नाहीत.

बेटाच्या त्या टोकाच्या घरट्यांतली पिल्लं महिना संपायच्या आत रेतीवर धावायला लागली. आमची जोडी बसून राहिली. मी एक दिवसाआड बसनं जायचे, काठावरून बघायचे आणि परत येऊन सांगायचे. “बसलीय?” “बसलीय.” नर यायचा, मादी जायची, मादी यायची, नर जायचा. भर दुपारी पोटं भिजवून यायचे. मेलेल्या अंड्यांना गार ठेवायला. पस्तिसाव्या दिवशी मी गेले तेव्हा खळग्यात अंडी होती आणि पक्षी नव्हते. घरी येऊन सांगितलं. यांनी नुसती मान हलवली आणि जेवण अर्धं टाकलं.

त्यानंतर ते नऊ वर्षं जगले. कॅमेरा पुन्हा हातात घेतला नाही, पण बोलायला बोलावलं की जायचे. कॉलेजात, निसर्ग मंडळांत, नवी नवी महागडी यंत्रं गळ्यात अडकवलेल्या पोरांच्या शिबिरात. मी हाताला धरून त्यांना व्यासपीठावर चढवायची आणि पहिल्या रांगेत जाऊन बसायची. दर वेळी ते सुरुवात तिथूनच करायचे. “मी तीन अंडी भाजली,” म्हणायचे. “माझे नियम होते. मीच केलेले. तरी भाजली. डोळ्यांचा दोष नाही. डोळे गेलेत हे मी मानत नव्हतो, तो दोष. आणि माझ्या नावाड्याची बिचाऱ्याची त्यात काही चूक नाही, त्याचा डोंगा रुतला होता.” नंतर लोक येऊन म्हणायचे, असा प्रांजळ माणूस पाहिला नाही. माझ्याकडे वळून म्हणायचे, ताई, तुमची साथ मोठी. मी हसायचे. घरी येताना रिक्षात हे विचारायचे, “बरं बोललो ना?” आणि मी म्हणायचे, “छान बोललात.” सांगायचं तर प्रत्येक रिक्षात सांगता आलं असतं. दर वेळी वाटायचं, आज दमलेत. कधी वाटायचं, आज मी दमलेय. अशी नऊ वर्षं गेली आणि गेल्या वर्षीच्या माघात हेही गेले.

वर्षश्राद्ध झाल्यावर मी बिसनच्या गावी गेले. तो अंगणात बसला होता, जाळं विणत. दात गेले होते, हात तेच होते. सुनेनं खुर्ची आणून दिली, चहा ठेवला. साहेबांचं बोलणं झालं, पाण्याचं झालं, बेट आता उरलं नाही, रेती उपसून नेली, तेही झालं. मग मी विचारलं.

“बिसनभाऊ, त्या दिवशी तुम्ही माझ्यासाठी खोटं का बोललात?”

त्यानं वर पाहिलं नाही. गाठ मारत होता, ती पूर्ण केली.

“साहेबाचे डोळे गेले ते त्यायले त्याच घडीले समजलं होतं,” तो म्हणाला. “एका मानसाले एका दिवशी कितीक सांगाव? आन तुमीबी थकल्या होत्या. म्या पाह्यत होतो.”

“तुम्हाला राग नाही आला माझा?”

“आला ना. नाही कसा येईन? तीन अंडे होते ते.”

सुनेनं चहा आणून ठेवला. मी कप हातात घेतला. मला रडू येत होतं, आणि त्याच्यापुढं रडायची मला लाज वाटत होती.

“मी त्यांना कधीच सांगितलं नाही,” मी म्हटलं. “शेवटपर्यंत. तुमचा डोंगा रुतला होता, असंच ते सगळीकडे सांगत राहिले.”

“मले मालूम आहे. आमच्या गावचा मास्तर साहेबाचं भाषन ऐकून आला होता एकदा पवनीले. त्यानं सांगितलं मले.”

“मग?”

बिसननं दोरा दातांऐवजी विळीवर कापला आणि जाळं मांडीवर सारखं केलं.

“त्या एका दिवसाचं म्या झाकलं, बाई,” तो म्हणाला. “बाकीचे दिवस त तुमच्याजवरच होते.”